लेफ्टनंट ते लेफ्टनंट जनरल: लष्करी अधिकाऱ्याच्या बढतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय लष्करात अधिकारी म्हणून रुजू झालेल्यांपैकी फार थोडे जण जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचतात. त्यामागची यंत्रणा बऱ्याच घरांत, अगदी लष्करी घरांतही, नीट माहीत नसते. चिकाटी आणि कर्तबगारी लागतेच. पण वरिष्ठांनी लिहिलेल्या गोपनीय अहवालांचे गुण, नेमणुकांचा क्रम, बॅचमधली जागांची संख्या आणि जन्मतारीख या गोष्टीही तितक्याच निर्णायक असतात. खालचे प्रश्न तरुण अधिकारी, एनडीएची तयारी करणारी मुले आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात.

हुद्द्यांचा क्रम नेमका कसा? मेजर जनरल मोठा की लेफ्टनंट जनरल?

क्रम असा: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. म्हणजे लेफ्टनंट जनरल मोठा.

खांद्यावर पाहून ओळखायचे तर लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन आणि मेजरला अशोकस्तंभ असतो. लेफ्टनंट कर्नलला अशोकस्तंभ आणि एक तारा, कर्नलला अशोकस्तंभ आणि दोन तारे, ब्रिगेडियरला अशोकस्तंभ आणि तीन. मेजर जनरलपासून एकमेकांना छेद देणारी तलवार आणि बॅटन येते. तिच्यासोबत मेजर जनरलला तारा, लेफ्टनंट जनरलला अशोकस्तंभ आणि जनरलला दोन्ही. गाडीवरच्या पाटीवरचे तारे वेगळे मोजतात: ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, सेनाप्रमुखांना चार. फील्ड मार्शल हा पाच ताऱ्यांचा सन्मानाचा हुद्दा लष्करात आजवर दोघांनाच मिळाला: १९७३ मध्ये सॅम माणेकशा आणि १९८६ मध्ये के. एम. करिअप्पा.

कोणत्या हुद्द्यापर्यंत बढती आपोआप मिळते?

लेफ्टनंट कर्नलपर्यंत. २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. पूर्वी यापेक्षा बरीच जास्त वर्षे लागत. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर २००४ पासून हा वेग आला. ‘आपोआप’ म्हणताना दोन अटी लक्षात ठेवा: पार्ट बी आणि पार्ट डी या खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण असाव्या लागतात आणि अंगावर शिस्तभंगाचे प्रकरण नसावे लागते. पार्ट डी पुढे ढकलत राहणारे अधिकारी दरवर्षी दिसतात. फील्ड पोस्टिंगमध्ये अभ्यासाला वेळ मिळत नाही हे खरे आहे. पण ही परीक्षा जितकी लांबते तितकी जड होत जाते, कारण तोवर कंपनीची जबाबदारी आणि संसार दोन्ही अंगावर आलेले असतात.

त्यापुढे कर्नल होण्याचे दोन रस्ते. एक निवडीचा. दुसरा २६ वर्षांच्या सेवेनंतर मिळणारा टाइम स्केल कर्नल. खांद्यावरचे चिन्ह सारखेच, पण टाइम स्केल कर्नलला बटालियनची कमान मिळत नाही आणि पुढच्या निवडीत तो नसतो.

मग खरी चाळणी कुठे लागते?

कर्नलच्या बोर्डात, म्हणजे निवड मंडळात. साधारण पंधरा-सोळा वर्षांच्या सेवेच्या सुमारास तुमच्या बॅचचा नंबर ३ सिलेक्शन बोर्ड लागतो. सगळ्यात मोठी गळती इथेच होते. त्यानंतर कर्नल ते ब्रिगेडियरसाठी नंबर २ बोर्ड, ब्रिगेडियर ते मेजर जनरलसाठी नंबर १ बोर्ड आणि मेजर जनरल ते लेफ्टनंट जनरलसाठी स्पेशल सिलेक्शन बोर्ड.

प्रत्येक पायरीवर तीन संधी असतात: पहिला विचार, मग पहिले आणि दुसरे पुनरावलोकन. पुनरावलोकनात निवड झाली तर बॅचमधली ज्येष्ठता जाते, म्हणजे तुम्ही पुढच्या बॅचबरोबर मोजले जाता. कर्नलच्या पातळीवर हा तोटा किरकोळ वाटतो. वरच्या हुद्द्यांवर एकेका वर्षाची चणचण सुरू झाली की तो भारी पडतो.

बोर्डासमोर नेमके काय जाते? मुलाखत असते का?

मुलाखत नसते. अधिकाऱ्याचे नावही बोर्डापुढे जात नाही. ओळख झाकलेला एक माहितीतक्ता जातो. त्यात अहवालांचे गुण, केलेले कोर्स आणि त्यांतली श्रेणी, शौर्य व सेवा पदके, वैद्यकीय श्रेणी आणि झालेल्या शिक्षा असतात. १०० पैकी ९५ गुण या नोंदींवरून आकडेमोडीने निघतात. बोर्ड सदस्यांच्या स्वतःच्या मूल्यमापनाला फक्त ५ गुण असतात. ९५ पैकी सिंहाचा वाटा गोपनीय अहवालांचा. कोर्स आणि पदके मिळून थोडेच गुण होतात, पण कट-ऑफच्या आसपास गर्दी इतकी दाट असते की ते थोडे गुणही उलथापालथ करतात.

बोर्डाचा निकाल ही शिफारस असते. सेनाप्रमुखांनी किंवा हुद्द्यानुसार केंद्र सरकारने मंजुरी दिल्यावरच तो लागू होतो. हे सगळे काम दिल्लीतली मिलिटरी सेक्रेटरी शाखा म्हणजेच एमएस ब्रँच पाहते.

गोपनीय अहवाल कोण लिहितो आणि त्यात चूक कुठे होते?

साधारण तीन पातळ्या असतात. तुमचा थेट वरिष्ठ अहवाल सुरू करतो, त्याला इनिशिएटिंग ऑफिसर म्हणतात. त्याच्या वरचा रिव्ह्यूइंग ऑफिसर, त्याच्याही वरचा सिनियर रिव्ह्यूइंग ऑफिसर. मेजरचा कंपनी कमांडर म्हणून अहवाल असेल तर सुरुवात बटालियनचा सीओ (कमांडिंग ऑफिसर) करतो, मग ब्रिगेड कमांडर, मग डिव्हिजनचा जीओसी (प्रमुख जनरल). गुण ९ पैकी. ९ म्हणजे आउटस्टँडिंग, ८ म्हणजे अबव्ह ॲव्हरेज.

ऐकायला ८ चांगले वाटतात. पण बहुतेकांना ८ आणि ९ च मिळत असल्यामुळे खरी स्पर्धा दशांशात होते. कमानीच्या अहवालात सात-आठ गुणांकडे झुकलेला एखादा रकाना दहा वर्षांनी बोर्डात जाणवतो. अधिकाऱ्याला सीओच्या अहवालाचा बराच भाग दाखवून सही घेतली जाते. वरच्या दोघांनी काय दिले ते दिसत नाही. त्यामुळे ‘माझे सगळे अहवाल उत्तम आहेत’ अशी समजूत बाळगून बोर्डात धक्का बसणारे अनेक असतात.

प्रत्यक्षात अडचणी येतात त्या अशा:

- अहवाल लिहिणाऱ्याच्या हाताखाली किमान ९० दिवस प्रत्यक्ष हजेरी लागते. रजा, कोर्स आणि तात्पुरती ड्युटी यांत दिवस गेले तर अहवालच सुरू होत नाही. मग नेमका कमानीचा एक अहवाल कमी पडतो आणि पुढे बोर्डात विचार लांबणीवर जातो. दिवसांचा हिशेब स्वतः ठेवा. हेडक्लार्कवर सोडू नका.
- प्रत्येक बोर्डासाठी अहवालांची कट-ऑफ तारीख असते. त्यानंतरचा अहवाल कितीही चांगला असला तरी त्या बोर्डात धरला जात नाही.
- अहवालाच्या पहिल्या भागात अधिकाऱ्याने स्वतः भरायची माहिती असते. पदक, कोर्सची श्रेणी किंवा नेमणुकीची तारीख तिथे चुकली तर ती चूक वर्षानुवर्षे पुढे सरकत राहते.

‘क्रायटेरिया अपॉइंटमेंट’ म्हणजे काय?

ज्या नेमणुकीतले अहवाल बढतीसाठी अनिवार्य धरले जातात ती नेमणूक. कर्नलच्या बोर्डासाठी कंपनी, स्क्वाड्रन किंवा बॅटरीची कमान. ब्रिगेडियरसाठी बटालियन किंवा रेजिमेंटची. पुढे ब्रिगेडची, मग डिव्हिजनची. त्या खुर्चीत ठरावीक काळ बसून ठरावीक अहवाल मिळाले की अधिकारी ‘ॲडिक्वेटली एक्सरसाइज्ड’ झाला, म्हणजे तो त्या पातळीवर पुरेसा पारखला गेला असे मानतात.

तरुण मेजरना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की इथे घाई करू नका आणि टाळाटाळही करू नका. शहरातली आरामाची स्टाफ पोस्टिंग, म्हणजे मुख्यालयातली कचेरीची नेमणूक, आधी घेऊन कमान नंतर करू, असा हिशेब बरेच जण मांडतात. मग मधेच आजारपण येते, युनिटची जागा बदलते किंवा कंपनीसाठी रांग लागते आणि बोर्डाच्या वेळी अहवाल अपुरे राहतात. कमान आधी, बाकी सगळे नंतर.

कोर्स कोणते महत्त्वाचे? वेलिंग्टन झाले नाही तर जनरल होता येत नाही का?

सुरुवातीला यंग ऑफिसर्स कोर्स, नंतर महू येथील आर्मी वॉर कॉलेजात ज्युनियर कमांड. हे दोन्ही प्रत्येकाला करावेच लागतात आणि त्यांतली श्रेणी कायम नोंदीत राहते. विशी-पंचविशीत केलेल्या कोर्सकडे हलक्याने पाहणे महाग पडते, कारण पुन्हा तो कोर्स करून श्रेणी सुधारता येत नाही.

पुढचा मोठा टप्पा निलगिरीतल्या वेलिंग्टनचे डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज. प्रवेश स्पर्धा परीक्षेतून आणि प्रयत्नांची संख्या मर्यादित. कोर्स जवळपास वर्षभराचा असून मद्रास विद्यापीठाची एमएस्सी पदवी मिळते. तांत्रिक बाजूला कल असलेल्यांसाठी पुण्याच्या गिरीनगरमधल्या संस्थेत टेक्निकल स्टाफ कोर्स आहे. वेलिंग्टन केलेल्याला स्टाफच्या चांगल्या नेमणुका मिळतात, तिथले अहवाल मोठ्या वरिष्ठांकडून येतात, आणि त्याचा फायदा साखळीसारखा पुढे मिळत जातो. ते न करता वर गेलेले अधिकारी आहेत, पण त्यांना कमानीत जवळजवळ निर्दोष राहावे लागते.

कर्नलच्या पातळीवर महूचा हायर कमांड किंवा सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटचा कोर्स असतो. ब्रिगेडियरच्या पातळीवर दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज. या वरच्या कोर्सना अर्ज करून जाता येत नाही. तुमची निवड होते.

कोणत्या हुद्द्यावर किती फौज हाताखाली येते?

मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल कंपनी सांभाळतो, साधारण सव्वाशे जवान. कर्नलकडे बटालियन, सुमारे ८०० जण. ब्रिगेडियरकडे तीन-एक बटालियनची ब्रिगेड. मेजर जनरलकडे पंधरा हजारांच्या आसपासची डिव्हिजन. लेफ्टनंट जनरलकडे कोअर, आणि त्याच हुद्द्यातल्या निवडक सात जणांकडे कमांड: उधमपूर, चंडीमंदिर, पुणे, कोलकाता, लखनौ, जयपूर आणि शिमल्याची प्रशिक्षण कमांड.

बहुतेक अधिकारी मनापासून सांगतात की सर्वांत समाधानाचा काळ बटालियनच्या कमानीचा. सीओला प्रत्येक सुभेदार नावाने ठाऊक असतो, कोणत्या जवानाच्या घरी शेतीचा वाद आहे तेही माहीत असते. त्यावरच्या हुद्द्यांवर माणसांपेक्षा नकाशे, फायली आणि खालचे कमांडर यांच्यामार्फत काम चालते.

ब्रिगेडियर झाल्यावर रेजिमेंट सुटते का?

लढाऊ आणि सहायक शाखांतले अधिकारी इथून जनरल केडरमध्ये, म्हणजे शाखेपलीकडच्या सामाईक गटात, येतात. पायदळातला अधिकारी तोफखाना असलेल्या फॉर्मेशनचाही प्रमुख होऊ शकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्वांचा गणवेश सारखा झाला: टोपी, बॅज, बकल, बूट एकच आणि रेजिमेंटची लॅनयार्ड (खांद्यावरची दोरी) नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचा असो वा सिग्नल्सचा, गणवेशावरून आता कळत नाही. वरच्या पातळीवर निर्णय रेजिमेंटच्या मायेपलीकडे जाऊन घ्यावे लागतात, म्हणून हा बदल योग्यच झाला.

जन्मतारखेला इतके महत्त्व का?

कारण निवृत्तीचे वय हुद्द्याला बांधलेले आहे. कर्नल ५४, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. सेनाप्रमुख ६२ वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा ३ वर्षे, यांतले जे आधी येईल ते.

एक हिशेब करून पाहा. लेफ्टनंट जनरल व्हायला साधारण ३५-३६ वर्षांची सेवा लागते. बारावीनंतर एनडीएतून आलेला मुलगा २१ व्या वर्षी कमिशन घेतो (अधिकारी म्हणून रुजू होतो), म्हणजे ५७ व्या वर्षी तो त्या हुद्द्यावर असतो आणि तीन वर्षे हातात राहतात. तेवढ्यात कोअरची कमान होते आणि आर्मी कमांडरपदाचाही, म्हणजे एखाद्या कमांडच्या प्रमुखपदाचाही, विचार होऊ शकतो. पदवीनंतर २५ व्या वर्षी कमिशन घेतलेला, तितकाच कर्तबगार अधिकारी ३६ वर्षांनी ६१ चा होईल. म्हणजे तो त्याआधीच मेजर जनरल म्हणून ५८ व्या वर्षी घरी गेलेला असेल. आर्मी कमांडर होण्यासाठी कोअरची कमान केलेली लागते आणि पुरेशी सेवा उरलेली लागते. ज्येष्ठता असूनही ‘उरलेली सेवा’ नाही म्हणून ती खुर्ची हुकलेल्यांची संख्या कमी नाही.

सर्वोच्च पदावरही हेच. जनरल मनोज नरवणे ३१ डिसेंबर २०१९ रोजी सेनाप्रमुख झाले आणि वयाची ६२ वर्षे झाल्याने ३० एप्रिल २०२२ रोजी निवृत्त झाले. तीन वर्षे भरली नाहीत. त्यांच्यानंतरचे नागपूरचे जनरल मनोज पांडे यांनाही, महिन्याची मुदतवाढ धरून, दोन वर्षे दोन महिनेच मिळाले. जनरल उपेंद्र द्विवेदी यांची जन्मतारीख १ जुलै १९६४. त्यांनी ३० जून २०२४ रोजी पद स्वीकारले. लेफ्टनंट जनरल म्हणून त्यांच्या सेवेचा तोच शेवटचा दिवस होता.

म्हणून ज्या मुलाला सैन्यातच जायचे आहे त्याने पदवीची वाट न पाहता एनडीए गाठावी, हा सल्ला केवळ परंपरेने दिला जात नाही. महाराष्ट्रात त्यासाठी साताऱ्याची सैनिक शाळा आहे, जी १९६१ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली. शिवाय छत्रपती संभाजीनगरची राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथे दहावीनंतर प्रवेश मिळतो.

शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून जनरल होता येते का?

कायमस्वरूपी कमिशन मिळाले तरच. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, ४ वर्षे वाढवता येते. दहाव्या वर्षाच्या आसपास कायम कमिशनसाठी निवड होते आणि त्यात तोवरचे अहवालच पाहिले जातात.

महिला अधिकारी कुठवर पोहोचू शकतात?

कायद्याने आता दार उघडे आहे. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महिलांना कायम कमिशन आणि कमानीच्या नेमणुका खुल्या झाल्या. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कर्नलचे विशेष बोर्ड झाले आणि महिला अधिकारी युनिटच्या कमानीवर आल्या. त्याच वर्षी तोफखान्यातही प्रवेश मिळाला. पायदळ, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अजून बंद आहेत. एनडीएची महिलांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यातल्या लष्करात जाणाऱ्या मुलींचा कर्नलचा बोर्ड २०४० नंतर लागेल, आणि तिथे पुरुषांबरोबर एकाच बॅचमध्ये, सुरुवातीपासूनच्या समान अहवालांवर त्यांची तुलना होईल. आधीच्या महिला अधिकाऱ्यांना हे मिळाले नव्हते. त्यांच्या जुन्या अहवालांत कमानीचे अहवालच नव्हते, कारण तशी नेमणूकच दिली जात नव्हती.

वैद्यकीय शाखेचे बोर्ड वेगळे असतात. तिथे पुनीता अरोरा या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. नंतर माधुरी कानिटकर यांनीही तो हुद्दा मिळवला.

पगारात किती फरक पडतो?

सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन असे: लेफ्टनंट ५६,१०० रुपये, कॅप्टन ६१,३००, मेजर ६९,४००, लेफ्टनंट कर्नल १,२१,२००, कर्नल १,३०,६००, ब्रिगेडियर १,३९,६००, मेजर जनरल १,४४,२००, लेफ्टनंट जनरल १,८२,२००. आर्मी कमांडर आणि उपसेनाप्रमुखांना २,२५,०००, सेनाप्रमुखांना २,५०,०००. महागाई भत्ता आणि इतर भत्ते वेगळे.

ब्रिगेडियरपर्यंत दरमहा १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो. मेजर जनरलपासून तो मिळत नाही. म्हणून ब्रिगेडियरचा मेजर जनरल झाल्यावर हातात येणारी रक्कम अपेक्षेइतकी वाढत नाही. सगळ्यात मोठी उडी मेजरवरून लेफ्टनंट कर्नल होताना असते, आणि ती बढती मुदतीने मिळते.

तब्येत किंवा एखादे प्रकरण आडवे आले तर?

वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच भागांत मोजतात: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. सगळीकडे एक असणे म्हणजे शेप-वन. तात्पुरती खालची श्रेणी असताना बोर्डात नाव आले तरी प्रत्यक्ष बढती अडू शकते. चाळिशीनंतरचा रक्तदाब, साखर आणि वजन ही सर्वांत सामान्य कारणे. वार्षिक तपासणीच्या महिनाभर आधी धावायला सुरुवात करून भागत नाही.

शिस्तभंग किंवा दक्षतेची चौकशी सुरू असेल तर ‘डीव्ही बॅन’ लागतो आणि निकाल रोखून ठेवतात. निर्दोष ठरल्यास ज्येष्ठता परत मिळू शकते. ‘सेन्शर’ची, म्हणजे अधिकृत ठपक्याची, नोंद झाली तर मात्र ती बोर्डासमोर जाते.

अहवाल अन्यायाचा वाटला तर काय करायचे?

आधी वैधानिक नसलेली तक्रार लष्करी मुख्यालयाकडे. मग आर्मी ॲक्टच्या कलम २७ खाली केंद्र सरकारकडे वैधानिक तक्रार. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. मुख्य पीठ दिल्लीत, आपल्याकडे मुंबईत प्रादेशिक पीठ. आक्षेपार्ह गुण रद्द झाले तर बदललेल्या नोंदीवर पुन्हा बोर्डासमोर विचार होतो.

तक्रार लिहिताना ‘माझ्यावर राग होता’ एवढ्याने काही होत नाही. त्याच काळातल्या इतर अहवालांशी विसंगती, रकान्यांतले गुण आणि शब्दांतले वर्णन यांतला फरक, कमी गुण देण्याआधी लेखी समज न देणे, ९० दिवसांची अट न पाळणे अशा दाखवता येणाऱ्या गोष्टी मांडा. बोर्ड हुकल्यानंतर दहा वर्षांपूर्वीच्या अहवालावर तक्रार करणे फार कठीण जाते. उशिराचे कारण तुम्हालाच द्यावे लागते.

सेनाप्रमुख ज्येष्ठतेनेच ठरतो का?

प्रथा तशी आहे, बंधन नाही. निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना जनरल अरुणकुमार वैद्य यांची नेमणूक झाली. २०१६ मध्ये बिपिन रावत यांची निवड दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना मागे ठेवून झाली. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ या पदासाठी २०२२ पासून ६२ वर्षांखालील निवृत्त लेफ्टनंट जनरलही पात्र आहेत; जनरल अनिल चौहान निवृत्तीनंतरच त्या पदावर आले.

कर्नलचा बोर्ड तिन्ही वेळा हुकला तर पुढे काय?

नोकरी जात नाही. ५४ वर्षांपर्यंत सेवा, २६ वर्षांनी टाइम स्केल कर्नल. २० वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतन लागू होते, त्यामुळे अनेक जण तिथे मुदतपूर्व निवृत्ती घेतात. निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा: मुलांची दहावी-बारावी कोणत्या वर्षी येते, सरकारी घर सोडल्यावर राहायची सोय काय, आणि नव्या क्षेत्रासाठी लागणारे प्रशिक्षण सेवेत असतानाच पूर्ण होते का. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापन संस्थांमधून कोर्स चालवते. जागा मर्यादित असतात, म्हणून शेवटच्या वर्षाची वाट न पाहता अर्ज करा. मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि तो नाकारलाही जाऊ शकतो. बाहेरच्या नोकरीची रुजू होण्याची तारीख मंजुरी हातात आल्याशिवाय पक्की करू नका.